कोरड्यास

परवा स्पेनच्या वायव्य टोकाला असलेल्या गॅलिशिया प्रांताविषयी वाचत होतो. तिथे स्पॅनिश आणि गॅलिशियन अशा दोन भाषा नांदतात. पाककृती आणि खाणावळींची पत्रके स्पॅनिशमधून गॅलिशियनमध्ये आणायला तिथे भाषांतरकार लागतात, हे वाचून मला हसूच आले. स्पॅनिश तर तिथे सर्वांनाच समजते. मग आपल्याच ताटातल्या पदार्थासाठी दुभाष्या कशाला धुंडाळायचा?

पण ते हसू फार वेळ टिकले नाही. तिकडचा ऑक्टोपस प्रसिद्ध. तांब्याच्या हंड्यात उकडायचा, कात्रीने कापायचा, लाकडी ताटलीत घालून वर ऑलिव्हचे तेल, जाडे मीठ आणि तांबडी मिरचीपूड! स्पॅनिशमध्ये त्याला ‘गॅलिशियन पद्धतीचा ऑक्टोपस’ म्हणतात. गॅलिशियन माणूस मात्र म्हणतो ‘पोल्बो आ फेइरा’, म्हणजे जत्रेतला ऑक्टोपस. आता कोश उघडून बसलेला एखादा पंडित शब्दाला शब्द लावील. व्याकरणाची चूक काडीची व्हायची नाही, जत्रा तेवढी उठून जाईल. आपण का घरी ‘आज महाराष्ट्रीय आमटी केली’ म्हणतो? ते नाव पाहुण्याच्या तोंडचे.

यंत्राची तर गोष्टच नको. २०१५ साली आस पोन्तेस गावच्या ‘ग्रेलो’ उत्सवाचे (ग्रेलो म्हणजे सलगमचा कोवळा पाला) यंत्राने स्पॅनिश भाषांतर केले. गॅलिशियनला ते पोर्तुगीज समजले, आणि जे नाव निघाले ते या अंकात छापता येणार नाही!

फ्रँकोच्या राजवटीत (१९३९–७५) ही भाषा शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार होती. १९८१ साली तिला स्पॅनिशच्या जोडीने अधिकृत स्थान मिळाले. मधल्या काळात ती तगली ती शेतात आणि चुलीपुढे. तेव्हा भाषांतरकार हवा तो चुलीपाशी बसलेला.

‘शाळांतून हद्दपार’ या शब्दांशी मी अडखळलो. मी शाळामास्तर. पुष्कळ वर्षांपूर्वी माणदेशाकडून आलेल्या एका मुलाने निबंधात लिहिले होते, ‘आईने भाकरी आणि कोरड्यास केले.’ मी तांबड्या शाईने शब्द खोडून ‘भाजी’ लिहिले.

“गुरुजी, भाजी नव्हती. पातळ होतं,” तो म्हणाला.

“मग आमटी लिही.”

“आमटी शेजारच्या काकू करतात. आई कोरड्यास करते.”

वर्ग हसला. मीही हसलो. त्यानंतर त्याचे निबंध अगदी शुद्ध येऊ लागले. त्यांत घर कधी आले नाही, आई तर नाहीच. मी त्याला चांगले गुण देत गेलो.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. पुढे मी एक खेड्यातली कादंबरी लिहिली. तिच्यात एक म्हातारी सुनेला विचारते, “कोरड्यास काय केलंस ग?” एका टीकाकाराने त्या वाक्यात मातीचा गंध असल्याचे लिहिले. ते कात्रण मी जपून ठेवले आहे. त्या मुलाच्या वहीत मात्र अजून ‘भाजी’च असेल, माझ्या अक्षरात.