गीता १८.१४ : दैव पाचवं
बडनेऱ्याच्या उन्हात आज बर्फाची गोष्ट.

लोकमान्य टिळकांनी १९०३ च्या पुस्तकात वेदांतली दीर्घ उषा ध्रुवप्रदेशाची मानली. त्याच प्रदेशात १८९३ मध्ये नान्सेन यांनी ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फात अडकू दिलं. बर्फ वाहत ध्रुवाकडे नेईल, हा भरवसा. पण आधी जहाजाचा तळ गोलसर बांधून घेतला. बर्फाने दाबलं की ते वर उचललं जाई. ध्रुव मिळाला नाही, पण १८९६ मध्ये तेराही जण सुखरूप परतले.

भगवंत कर्माची पाच कारणं सांगतात: अधिष्ठान, कर्ता, साधनं, प्रयत्न आणि पाचवं दैव. ‘देव बघेल’ म्हणण्याआधी आपले चार तपासू या. मग निकाल खुशाल त्याच्यावर सोडू.