शेवटचा दिवसही दिवसच असतो

परदेशातील कौटुंबिक सहलीचा शेवटचा दिवस बहुधा बॅगांचे वजन करण्यात आणि उरलेल्या नोटा मोजण्यात सरतो, कारण मन देहाच्या आधीच घरी पोहोचलेले असते. पण शेवटचा दिवसही दिवसच असतो. जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणातून पूर्णा नदीचे पाणी वीज निर्माण करून बाहेर पडते, आणि खाली सिद्धेश्वर धरणात पुन्हा अडवले जाऊन कालव्यांनी शेतांपर्यंत जाते. निघत्या माणसाच्या वागण्यालाही अशीच पुढची वाट असते. हॉटेलची खोली आवरणारी बाई त्या कुटुंबाला बहुधा पुन्हा भेटणार नसते. तरीही शेवटचा दिवसही दिवसच असतो, हे जाणून आई ओले टॉवेल एका जागी ठेवते, वडील त्या बाईचे आवर्जून आभार मानतात, आणि दारात बूट घालणारी मुले ते पाहत असतात.