मळका स्पंज

कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारात एका चाचांचं दुकान होतं. एका रविवारी एक मुलगी बाबांना घेऊन तिथे आली. घरी तीन फुटी टाकी आली होती, साधारण 190 लिटरची. तिला कॅनिस्टर फिल्टर हवा होता आणि वीस निऑन टेट्रा.

चाचांनी फिल्टर उघडून तिला एकेक भाग दाखवला. तळाला जाड स्पंज, त्यावर सिरॅमिकच्या रिंगा, सगळ्यात वर पांढरा कापूस. झाकणाच्या खाचेतली रबरी रिंग त्यांनी बोटाने पुसली, तिच्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला आणि म्हणाले, "इथे केस जरी अडकला, तरी सकाळी लादीवर पाणी!" डबा टाकीच्या खाली ठेवायचा, पाणी पाइपातून आपल्या वजनानं खाली उतरतं, मोटर फक्त ते वर चढवते. म्हणून आधी डबा पाण्याने भरू द्यायचा, मगच प्लग लावायचा. आत हवा गुडगुडली, तर डबा जरा तिरका करायचा.

"आणि मासे?" मुलीने विचारलं.

"आज नाही, बेटा."

बाबा म्हणाले, "अहो, रोख पैसे देतोय."

"साहेब, फिल्टर चांगला आहे, पण अजून त्यात कुणी राहायला आलेलं नाही. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो त्यांचे कल्ले जाळतो. या रिंगांच्या छिद्रांत जिवाणू वस्ती करतात. काही जण अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते मासे सोसतात आणि पाणी बदललं की निघून जातं. ही वस्ती व्हायला 4 ते 6 आठवडे लागतात. पाणी काय, उद्याच नितळ दिसेल. नितळ पाणी राहण्याजोगं असतंच असं नाही."

शेजारच्या दुकानात मासे पिशवीत भरून लगेच मिळत होते. बाबा तिकडे वळले. मुलगी जागची हलली नाही.

चाचा आत गेले. स्वतःच्या चालू फिल्टरमधला तपकिरी, बुळबुळीत स्पंज त्यांनी अर्धा कापला आणि टाकीतल्याच पाण्यासकट पिशवीत घालून आणला. मुलीने नाक धरलं.

"घरी गेल्यावर नळाखाली धुऊ?"

"तेवढं करू नकोस! नळाच्या क्लोरीननं सगळी वस्ती मरेल. हा लगेच फिल्टरमध्ये टाक, काम लवकर होईल. पुढे कधी धुवायची वेळ आलीच, तर टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळ. आणि मोटर रात्रीसुद्धा चालू ठेव. पाणी थांबलं की यांचा श्वास कोंडतो."

"याचे किती?" बाबांनी विचारलं.

"याचे पैसे घेत नाही मी."

मुलगी रोज रिकाम्या टाकीत जिवाणूंसाठी चिमूटभर खाद्य टाकायची. घरी येणारे-जाणारे विचारायचे, मासे कुठेत? ती सांगायची, आधी त्यांचं घर तयार होतंय.

काही आठवड्यांनी ती बाटलीत पाणी घेऊन आली. चाचांनी काचेच्या नळ्यांत थेंब टाकले. अमोनियाची नळी पिवळी राहिली, नायट्राइटची निळी. दोन्ही शून्य. चाचांनी जाळी उचलली.

"वीस ना?"

"सहाच द्या, चाचा. एकदम वीस टाकले तर आतल्यांना झेपायचं नाही. बाकीचे पुढच्या महिन्यात नेईन."