उजव्या हाताला बसलेला मुलगा

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत पार्थसारथीचे प्राचीन मंदिर आहे आणि त्याच वस्तीत १७९५ मध्ये बांधलेली वालाजाह मशीदही आहे. रमजानमध्ये सूर्यास्ताच्या वेळी मशिदीत रोजा सोडणाऱ्यांच्या पंगती बसतात. तेथे अनेक वर्षे वाढपाची सेवा करतात ते मयिलापूरच्या सूफीदार मंदिराचे हिंदू सेवेकरी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या दादा रतनचंद यांनी ही सेवा सुरू केली.

पंगत म्हटली की प्रश्न येतोच, आधी कोणाला द्यायचे? त्याविषयीचा एक प्रसंग 'सहीह बुखारी' या हदीस-संग्रहात आहे. पैगंबर हजरत मुहम्मद यांच्यापुढे पेय आणले गेले. ते प्याले. त्यांच्या उजव्या हाताला बसला होता एक लहान मुलगा, डाव्या हाताला वयोवृद्ध मंडळी. रीत अशी की पेला उजवीकडे द्यायचा. पैगंबरांनी मुलाला विचारले, मी आधी या वडीलधाऱ्यांना दिले तर चालेल का? मुलगा म्हणाला, तुमच्याकडून मिळणारा माझा वाटा मी कोणालाही देणार नाही. पैगंबरांनी पेला त्याच्या हातात ठेवला.

मुलांना जवळ घेणे, त्यांचे मुके घेणे, रडणे कानी येताच नमाज आटोपती घेणे, अशा पैगंबरांच्या वात्सल्याच्या आठवणी पुष्कळ आहेत. हा प्रसंग मात्र वेगळा आहे. प्रेम तर आपणही करतो. पण लहान मुलाला विचारायचे, आणि चारचौघांत त्याने दिलेला नकार पाळायचा, हे आपल्याला जमते का?

हा प्रसंग मराठीत आणताना मी आधी लिहिले होते, "वडीलधाऱ्यांना देऊ ना?" मग तो 'ना' खोडला. त्या एका अक्षरात उत्तर आपणच देऊन टाकतो. "ताईला खेळणं देशील ना?" असे विचारणाऱ्याला 'नाही' ऐकायचेच नसते.

तुम्ही म्हणाल, अशाने मूल आपमतलबी होईल. शंका रास्त आहे. पण त्या मुलाचा हट्ट पेयासाठी नव्हता, देणाऱ्याच्या हातासाठी होता. विचारले म्हणून ते कळले.

परवा माझ्या पाच वर्षांच्या भाच्याला मी म्हटले, "चॉकलेट पाहुण्यांच्या बाळाला देशील ना?" तो "नाही" म्हणाला. सगळे हसले. मीही हसत ते त्याच्या हातातून काढून घेतले. तो का नको म्हणाला, हे मी अजून विचारलेले नाही.