दूरची रेकी देण्याआधी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गुरुवारी सत्संगाला इंदूरची मंडळी समोर होती, बडोदा, बेळगाव, हैदराबादचे साधक फोनवर ऐकत होते. मध्येच आवाज तुटत होता, म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं, "माई, ते दूरच्या रेकीचं नेमकं काय म्हणालात?" तेच लिहून पाठवते आहे. त्या दिवशी मी जरा रागाने बोलले. राग आता निवलाय, पण सगळा नाही.

आपल्या ग्रुपवर निरोप येतो, "काकांना अ‍ॅडमिट केलंय, सगळ्यांनी रेकी पाठवा." पाच मिनिटांत तीस-चाळीस जण हात जोडल्याचं चित्र टाकतात. गुरुवारी मी विचारलं, यातले आसनावर खरोखर किती बसले? सहा हात वर झाले. काकांच्या घरी फोन कुणी केला? दोन हात. आणि काका होते कुठे, तर पलासियाला! आपल्या सुदामानगरहून रिक्षाने जाता येतं हो. तिथे कसली दूरची रेकी?

रेकी मुळात हाताची विद्या आहे. मिकाओ उसुई यांना १९२२ साली क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर, उपवास आणि ध्यान करताना ती गवसली, असं परंपरा सांगते. पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबर १९२३ ला, टोकियो-योकोहामाकडे मोठा भूकंप झाला. लाखभर माणसं गेली, घरं जळाली. शिष्यांनी १९२७ साली टोकियोच्या साइहोजी मंदिरापाशी उसुईंची स्मृतिशिला उभारली. त्या काळात ते शहरभर फिरून जखमींवर उपचार करत होते, असं त्या शिलेवर कोरलेलं आहे. फिरून, बरं का! दूरची रेकी तर त्यांच्या परंपरेतही आहे, पण माणूस समोर असताना ते हात आवरून घरी बसले नाहीत.

मग दूरची रेकी कशाला? जिथे हात पोचतच नाही तिथे. मुलगा अमेरिकेत आहे, आई गोव्याला आहे, आयसीयूत आत सोडत नाहीत, अशा वेळी.

दुसऱ्या पायरीत जे दूरचं चिन्ह मिळतं, त्याची आकृती इथे देत नाही, ती दीक्षेतच घ्यायची. पण त्याच्या नावातल्या शेवटच्या दोन अक्षरांबद्दल बोलते. ती आहेत 'शो-नेन'. आपल्याला वाटतं, त्याचा अर्थ 'पाठवणे' वगैरे असेल. नाही. बुद्धांच्या अष्टांगिक मार्गात जी सम्यक स्मृती आहे, तिला जपानीत हाच शब्द आहे. म्हणजे काय, की चिन्ह काढताना आधी जागेवर आणायचं ते आपलं मन. कुरिअरसारखी पुडी बांधून इथून तिथे धाडायची ही गोष्टच नाही. मी स्वतः हे पंधरा वर्षं चुकीचं समजत होते.

त्या चुकीची गोष्ट गुरुवारी निम्म्यांना ऐकू आली नाही, म्हणून पुन्हा सांगते. सांगायला बरं वाटत नाही.

माझी अक्का बडोद्याला असते. एका रात्री साडेदहाला तिच्या सुनेचा फोन आला, "मावशी, आईंच्या छातीत दाटल्यासारखं होतंय, घाम येतोय. काय करू?" मी म्हटलं, "घाबरू नकोस, मी बसते." देवासमोर निरांजन लावलं, अक्काचं नाव घेतलं, गुडघा म्हणजे तिचं डोकं आणि मांडी म्हणजे धड असं धरून पाऊण तास हात ठेवला. तळवे असे तापले म्हणून सांगू! फोन केला, अक्का म्हणाली, "हलकं वाटतंय गं." मला काय आनंद झाला. खरं सांगते, त्यात अक्काच्या काळजीपेक्षा माझा मोठेपणा जास्त होता. सकाळी सहाला पुन्हा दुखायला लागलं तेव्हा तिला नेलं. हार्ट अटॅक रात्रीच येऊन गेला होता. अक्का वाचली, दत्तमहाराजांची कृपा. पण हृदयाचा काही भाग कायमचा कमजोर झाला. आज ती जिन्याच्या सहा पायऱ्या चढली की थांबते. सुनेने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तिने विचारलं होतं, "काय करू?" आणि उत्तर होतं, "गाडी काढ." ते मी दिलं नाही.

म्हणून आता माझ्याकडे जे शिकतात त्यांना मी हे असंच सांगते. फोन आला की आधी विचारा, डॉक्टरांना दाखवलं का? छातीत दुखणं, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं, यात एक मिनिटही रेकीचं नाव काढायचं नाही, १०८ लावा. ते गाडीत बसल्यावर मग तुम्ही आसनावर बसा, हवं तर रात्रभर बसा. कुणाची बीपीची, साखरेची गोळी तुमच्या सांगण्यावरून बंद होता कामा नये. "मी बरं करते" हे वाक्य आपल्या तोंडी नको.

दुसरं, त्या माणसाला विचारा. एका साधिकेने जावेला न सांगता महिनाभर रेकी दिली आणि मग हळदीकुंकवात चार बायकांसमोर सांगितलं. जावेला ते अजिबात आवडलं नाही, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही. आजार तिचा, तो चारचौघांत कशाला? बेशुद्ध माणसाबद्दल घरच्यांना विचारा. नाही म्हणाले तर नुसती प्रार्थना करा, त्याला कुणाची हरकत नसते.

बाकी कृती साधी आहे. हातपाय धुवा, फोन बंद करा, नाव आणि गाव मनात घ्या, चिन्ह काढा, पंधरा-वीस मिनिटं बसा. फोटो, उशी, स्वतःची मांडी, जे जमेल ते घ्या. त्या काळात त्याचं दुखणं रंगवत बसू नका, तो जसा हसतो तसा आठवा. शेवटी हात झटकून गार पाण्याने धुवा. उठल्यावर "काही जाणवलं का?" असं विचारायला लगेच फोन लावू नका, बिचारा तुमच्या समाधानासाठी हो म्हणतो. माझ्या अक्काने म्हटलंच की.

या गुरुवारी रात्री साडेआठला सगळे आपापल्या घरी बसू. तीन नावं आहेत, तिघांनीही होकार दिला आहे. काकांना परवा घरी सोडलं, काकू एकट्या आहेत. शुक्रवार-शनिवारचा डबा विजयनगरच्या मंडळींनी घेतला आहे. रविवारचा अजून कुणी घेतलेला नाही. मीठ कमी हवं.