खिडकीतून येणारे आणि जाणारे



कोल्हापुरात माळकऱ्याला एरवी फारशी अडचण पडत नाही. बुधवारी थोडी पडते. खरी परीक्षा रविवारची. सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग लागते आणि दहाच्या सुमारास घराघरांतून कांदा-खोबरे भाजल्याचा दरवळ सुटतो. तांबडा कोणाकडे झाला, पांढरा कोणाकडे, हे गल्लीतली पोरे नुसत्या वासावरून सांगतात. गळ्यात तुळशीची माळ घातली म्हणून नाक काही माळकरी होत नाही, श्रोतेहो!

नदीच्या बाजूच्या एका गल्लीत असेच एक वृद्ध माळकरी राहतात. त्यांना सगळे तात्या म्हणतात. आषाढी एकादशीला कोल्हापुरातून नंदवाळला जाणारी दिंडी त्यांनी कधी चुकवली नाही. पुईखडीला रिंगण झाले, की लहान-थोर न पाहता दिसेल त्याच्या पाया पडावे, “माउली, माउली” म्हणावे. पण रविवार उजाडला, की हेच तात्या शेजारच्या अंगाची खिडकी धाडकन लावून घेत. शेजाऱ्यांना ऐकू जावी, अशीच लावीत. एकदा सून हळूच म्हणाली, “मामा, खिडकी लावल्यावर आत आलेला वास आतच ऱ्हातोय की!”

२०१९ च्या आषाढात कीर्तन आटोपल्यावर त्यांनी आम्हांला गाठले. “महाराज, या वासानं आमचं व्रत मोडतंय काय?” आम्ही म्हटले, “तात्या, व्रत जिभेचं आहे, नाकाचं नव्हे. शिवाय तर्कशास्त्रात गंध हा पृथ्वीचा गुण सांगितला आहे आणि शब्द हा आकाशाचा. पृथ्वीचा गुण चार घरं जाऊन थांबतो. तुमच्या ओसरीच्या खांबाला जो कर्णा बांधलाय, तो आकाशाचा गुण घेऊन सगळी पेठ व्यापतो. त्याला कुणी खिडकी लावायची?” शेजाऱ्यांचा मुलगा त्या वर्षी दहावीला होता. संध्याकाळी तात्यांचा हरिपाठ सुरू झाला, की तो कानांत कापसाचे बोळे घालून गणिते सोडवी. त्याच्या आईने मात्र कधी खिडकी आपटली नाही.

तात्या हसले, कर्णा काही उतरला नाही. कीर्तनकाराचे बोलणे लोक दारापर्यंत नेतात आणि चपला घालताना तिथेच ठेवून जातात, हा आमचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

पुढच्याच महिन्यात, ऑगस्टात, महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट; पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. तात्यांच्या घरात रात्रीतून कमरेइतके पाणी. शेजाऱ्यांनी तात्यांना आणि सुनेला हाताला धरून आपल्या माडीवर नेले. पुढचे सुनेने आम्हांला सांगितले ते असे.

पहिल्या दिवशी तात्या म्हणाले, “आज आमचा उपास आहे.” एकादशी तर अजून लांब होती. शेजारीण समजायचे ते समजली. तिने माळ्यावरून एक पातेले काढले. आहेरात आलेले, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. “तात्या, पातेलं कोरं हाय बघा. तुमच्या सुनंनं भात लावावा. आमी हात बी लावत न्हाई.”

तात्या त्या चिठ्ठीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “पोरी, तूच लाव भात. मीठ तेवढं बेतानं घाल.”

भातावर वरण नव्हते, नुसती चटणी होती. सगळ्यांनी त्याच पातेल्यातला भात खाल्ला. संध्याकाळी वीज नव्हती; हरिपाठ टाळ्या वाजवून झाला. दहावीचा मुलगा भिंतीला टेकून बसला होता आणि कानांत बोळे नव्हते.

पाणी उतरल्यावर चिखलात कर्णा सापडला. दुरुस्त होईल, असे मिस्त्री सांगत होता. तात्यांनी तो टाकला नाही आणि दुरुस्तीलाही नेला नाही. परड्यात पडून आहे. रविवारी खिडकी उघडी असते. सून सांगते, दहा वाजले की मामा टाळ घेऊन देवळाकडे निघतात, आणि जाताना शेजारच्या दारात क्षणभर थांबून विचारतात, “काय पोरी, आज तांबडा काय पांढरा?”