दोन अपराधांची अट

वसईच्या एखाद्या आळीत, एकाच बावखलाचे पाणी वापरणाऱ्या दोन घरांतील दोन स्त्रियांवर सारखाच प्रसंग गुदरला, दोघींच्याही नवऱ्यांनी परस्त्रीशी राजरोस संसार थाटला, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंतर त्यांपैकी हिंदू स्त्रीला तेवढ्या कारणावर घटस्फोटाचा दावा लावता येत होता आणि तिच्या ख्रिस्ती शेजारणीला मात्र तो लावता येत नव्हता, ही गोष्ट आज पुष्कळांना खरीदेखील वाटणार नाही. त्या शेजारणीला वकील पुढचा प्रश्न विचारी: नवरा मारहाण करतो काय, किंवा दोन वर्षे टाकून गेला आहे काय? उत्तर नकारार्थी आले की तिच्या फिर्यादीला कायद्यात जागा उरत नसे.

ही अट १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याच्या दहाव्या कलमात होती. पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे होते. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग किंवा तत्सम दुसरा अपराध शाबीत करावा लागे. हा भेद ख्रिस्ती धर्माने घातला, असा समज असेल तर तो निराधार आहे. कॅथलिक धर्ममतानुसार विवाहबंधन पती आणि पत्नी या दोघांनाही सारखेच अभंग आहे; एकाला सूट आणि दुसऱ्याला अट हा प्रकार १८५७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने केलेल्या कायद्यातला, आणि तोच उचलून इथल्या दप्तरात दाखल करण्यात आला. पुढे १९२३ मध्ये इंग्लंडने आपल्या घरचा भेद काढून टाकला. आमच्या कायद्याच्या सातव्या कलमात तर इंग्लंडच्या घटस्फोट न्यायालयाची तत्त्वे अनुसरावीत असे स्पष्ट लिहिले होते. परंतु दहाव्या कलमाचे शब्द जागचे हलले नाहीत, म्हणून त्या सुधारणेचा लाभ इथल्या स्त्रीला पोहोचला नाही.

या अटीचा व्यवहारातला अर्थ नीट पाहिला पाहिजे. ज्याने बायकोवर कधी हात उगारला नाही, घरखर्चात हात आखडला नाही, रात्री नियमाने घरी येतो, पण ज्याचे दुसरे बिऱ्हाड साऱ्या गावाला ठाऊक आहे, असा पुरुष या कायद्यापुढे निर्धास्त होता. उलटपक्षी, जिचा नवरा एकनिष्ठ पण निर्दय, तिला बाविसाव्या कलमाने केवळ न्यायिक विभक्तता मिळे. म्हणजे वेगळे राहावे, पण विवाहबंधनातून सुटका नाही. आणि जिच्या वाट्याला दोन्ही दुःखे आली, तिला दोन्ही शाबीत करायची होती. व्यभिचाराचा पुरावा निदान घराबाहेर सापडू शकतो. क्रौर्याचे साक्षीदार घरातलेच, सासू, नणंद, दीर, आणि त्यांची साक्ष कोणाच्या बाजूने पडणार हे सांगायला नको. बंद दाराआड झालेल्या माराची डॉक्टरची चिठ्ठी तिने त्याच वेळी घेऊन जपून ठेवायला हवी होती, अशी अपेक्षा करणारा कायदा तिला ओळखतच नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच कायद्याच्या चौतिसाव्या कलमाने पतीला पत्नीच्या जाराकडून नुकसानभरपाई मागता येई. पत्नीला तसा हक्क नव्हता. जिल्हा न्यायालयाने दिलेला घटस्फोटाचा हुकूमनामाही उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून पक्का होत नसे. गरीब अर्जदार स्त्रीला तो काळ आणि तो खर्च कसा पेलवला असेल!

आणि हे अटळ होते असेही नाही. शेजारच्या गोव्यात लागू झालेल्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाच्या १९१० च्या फर्मानाने पतीचा आणि पत्नीचा व्यभिचार घटस्फोटासाठी एकाच पंक्तीला बसवला होता. आमच्याकडे विधी आयोगाने १९६० मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये अहवाल दिले. कायदा तसाच राहिला. अखेर न्यायालये पुढे झाली: १९९५ मध्ये केरळच्या आणि १९९७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने क्रौर्यासारख्या कारणाला व्यभिचाराची जोड मागणारे शब्द राज्यघटनेतील समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवले. त्यानंतर २००१ मध्ये संसदेने दहावे कलमच नव्याने लिहिले, आणि व्यभिचार व क्रौर्य ही पती-पत्नी दोघांनाही स्वतंत्र कारणे झाली.

तरी एक गाठ सुटायची राहिली आहे. हिंदू विवाह कायद्यात क्रौर्य आरंभी केवळ न्यायिक विभक्ततेचे कारण होते, आणि एकत्र राहणे अपायकारक ठरेल अशी रास्त भीती अर्जदाराच्या मनात उत्पन्न होण्याइतके ते असावे, अशी तिथेही अट होती. १९७६ च्या दुरुस्तीने क्रौर्याला घटस्फोटाचे कारण केले आणि ती अट गाळली. ख्रिस्ती विवाहांच्या कायद्यात मात्र २००१ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर, तीच जुनी शब्दरचना पुन्हा घालण्यात आली. वर्षानुवर्षे अपमान गिळून जी निबर झाली, जिला आता नवऱ्याचे भय वाटेनासे झाले, पण त्याच्यासोबत माणूस म्हणून जगणे अशक्य झाले, तिने आपल्या अर्जात कोणती भीती लिहावी? संसदेने १९७६ साली हिंदू स्त्रीवरून उतरवलेले हे ओझे तिच्या ख्रिस्ती शेजारणीवरूनही उतरवले पाहिजे, आणि त्यासाठी आणखी एका आयोगाची वाट पाहण्याचे काहीएक कारण नाही.